प्रॉम्प्टरची वही

वही अजून माझ्याकडेच आहे.
दोनशे पानी, निळा पुठ्ठा, कोपरे तेलकट,
वर अनादीबाबूंच्या हातचं: गावसदाके.
म्हणजे गावसदादाला. एवढं मलाही कळलं.

त्यांना प्रॉम्प्टर हवा होता
आणि मला बंगाली येत नव्हतं.
"तेच बरं," अनादीबाबू म्हणाले,
"अर्थ कळला की प्रॉम्प्टर नाटक बघत बसतो."
शिरोड्याच्या जत्रेत वीस वर्षं विंगेत उभा मी,
राजे, कपटी मामे, आंधळे बाप,
सगळ्यांच्या तोंडी शब्द घातलेले;
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी अख्खं नाटक देवनागरीत उतरवून दिलं,
गोदीतून निवृत्त झालेल्या माणसाच्या ठाशीव अक्षरात.
जिथे त्यांचा अ वाकून ओ होतो, तिथे लाल टिंब.
जल नव्हे, जोल. मन नव्हे, मोन.
मी ओसरीवर घोकायचो.
बायको विचारायची, कुणाकडून मंत्र घेतलात?

तालीम वास्कोत, बोगद्याकडे,
स्पेअर पार्ट्सच्या एका गोदामात.
साडेआठनंतर, कारण निरुपम हालदारची क्रेन आठला थांबे.
शुक्ला बागची दवाखान्यातून थेट, पांढऱ्या बुटांत.
तापस कळंगुटच्या हॉटेलात दिवसभर कांदे कापून
दोन बसा बदलून यायचा
आणि लसणीच्या वासाच्या बोटांनी वल्हं धरायचा.
पाच माणसं. बुल्टीला धरलं तर साडेपाच,
आणि बुल्टीला धरावंच लागे, पेटीची किल्ली तिच्याकडे.

पडदा मुळात पांढरा होता म्हणे.
बंदरावरचा कोळसा खिडकीतून येई,
पडद्यावर बसे, मुरमुऱ्यांवर बसे.
निरुपम चौकटीवरून बोट फिरवून
डोळ्यांखाली ओढायचा:
"घ्या, फुकटचा मेकअप."

नाटक एका नावाड्याचं.
रात्रभर तो एका काठावरून हाक मारतो,
ओपारे के?
पल्याड कोण?
हे वाक्य मला पहिल्याच दिवशी कळलं.
दुर्भाटच्या धक्क्यावर शेवटची फेरी चुकली
की माझा बाप असाच ओरडायचा,
आणि पल्याडून कधीमधी एखादा कुत्रा उत्तर द्यायचा.

प्रयोग डिसेंबरात, शाळेच्या सभागृहात.
प्रेक्षक बेचाळीस. त्यातले अकरा घरचे,
सात लग्न समजून आत आलेले.
तापसच्या हॉटेलात सीझन, तीन रात्री झोप नाही.
दुसऱ्या अंकात तो थांबला.
मी शब्द दिला. पुन्हा दिला.
त्याने विंगेकडे पाहिलं आणि अगदी स्वच्छ म्हणाला,
भुले गेछि.

मी वहीत शोधू लागलो.
या पानावर नाही. पुढच्या पानावर नाही.
वाटलं, पठ्ठ्याने चार पानं गाळली.
बोट ओलं करतोय, पानं उलटतोय, मानेवरून घाम,
तोवर तो प्रेक्षकांकडे वळला,
वल्हं खाली ठेवलं,
आणि पुन्हा,
भुले गेछि.
पहिल्या रांगेत एका म्हातारीने तोंडाला पदर लावला.
लग्नाला आलेले सातही गप्प.
माझ्या वहीत ती ओळच नाही.

मध्यंतरात शुक्ला हसून हसून भिंतीला टेकली:
"विसरलो, गावसदा! तो म्हणत होता, मी विसरलो."
अनादीबाबू हसले नाहीत.
वही मागून घेतली,
समासात पेन्सिलीने लिहिलं, भुले गेछि. दोनदा.
आणि खाली, माझ्यासाठी, मराठीत:
इथे शब्द देऊ नये.

पुढे आणखी चार प्रयोग झाले. मग निरुपम पारादीपला,
तापस कुठल्याशा जहाजावर खानसामा,
शुक्लाचं एक पत्र आलं, बुल्टी बारावी झाल्याचं.
अनादीबाबूंच्या सड्यावरच्या खोलीत
आता मोबाइल दुरुस्त करतात.

मी शिरोड्यातच. जत्रेत राजा अडखळला
की पूर्वी मी लगेच शब्द फेकायचो.
आता जरासा थांबतो, बघतो त्याच्याकडे.
प्रयोगानंतर शिव्या खातो.

वहीच्या शेवटच्या पानावर हिशेब आहे:
मुरमुरे बावीस. टेंपो साडेतीनशे.
पडदा धुणे, पुढच्या वेळी.
गावसदा शंभर, पैकी दिले साठ,
बाकी चाळीस.